बारा रसाळ झाडांची पेटी, एका पावसाळ्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपता संपता, मी बारा सक्युलंटची एक पेटी ऑनलाइन मागवली. ‘नवशिक्या संग्राहकांसाठी’ असं त्यावर लिहिलं होतं. किंमत 1,149 रुपये, वर कुरिअरचे 90. पेटी आल्याच्या आठवड्यातच अभिप्राय द्या म्हणून दोन मेसेज आले. मी मुद्दाम थांबले. झाड कसं आहे ते आल्या दिवशी कळत नाही, आणि रत्नागिरीत तर एक पावसाळा काढल्याशिवाय काहीच कळत नाही. आता तो काढून झालाय. बारापैकी आठ जिवंत आहेत, चार गेली. गेलेल्या चारांपैकी निदान दोन तरी वाचली असती, आणि ती का वाचली नाहीत हे सांगण्यासाठीच हा अभिप्राय लिहितेय.

विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. असल्या पेट्या आता बऱ्याच ठिकाणी मिळतात, आणि आतली झाडं, सूचनांचं कार्ड, मातीचं मिश्रण सगळं थोड्याफार फरकानं हेच असतं.

आधी चांगलं सांगते. पॅकिंग उत्तम होतं. सहा दिवसांचा प्रवास करून आलेली पेटी उघडली तर प्रत्येक रोप वर्तमानपत्राच्या कागदात वेगळं गुंडाळलेलं, मुळांची माती झटकलेली, पानांभोवती कापूस. माती झटकून पाठवतात म्हणून काही जण तक्रार करतात, पण या झाडांना तेच बरं. ओल्या मातीसकट सहा दिवस बंद पेटीत राहिली असती तर मुळं कुजलीच असती. रोपं लहान होती पण निकोप होती. एकाच रोपाची पानं गळून कागदात मण्यांसारखी पडली होती. त्याचा फोटो पाठवला, तर आठवड्याभरात दुसरं रोप आलं. पैशांच्या मानानं माल चोख, यात शंका नाही.

आता चिठ्ठ्या. प्रत्येक रोपाला एक प्लॅस्टिकची पट्टी होती. पिंक रोझ, घोस्ट, डाँकी टेल, पांडा, झेब्रा, टंग, जेड, मून, आफ्रिकन कॅक्टस, लिव्हिंग स्टोन, पर्ल्स, हार्ट्स. सगळी लाडाची नावं. कूळ कुठेच नाही, मूळ गाव कुठेच नाही. आणि बाराही जणांसाठी मिळून एक कार्ड : ‘भरपूर ऊन द्या. आठवड्यातून एकदा पाणी घाला.’

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, म्हणून हे मला जास्तच खटकलं असेल. पण नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच आहे की सक्युलंट नावाचं कूळ नसतं. पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवून ठेवायची ती एक रीत आहे, आणि एकमेकांशी काही नातं नसलेल्या कितीतरी कुळांनी ती आपापल्या मुलखात उचलली. कुणी मेक्सिकोच्या डोंगरात, कुणी दक्षिण आफ्रिकेच्या माळावर, कुणी मादागास्करात. दिसायला सारखी, म्हणून सगळ्यांना एकच कार्ड लावणं म्हणजे वर्गातली सगळी मुलं एका गणवेशात आहेत म्हणून एकाच घरची समजण्यासारखं आहे.

त्या रविवारी मी पडवीत बसून बारा रोपांची कुळं लावली. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पांडाचं पान हातात घेतलं, त्याची मऊ लव चाचपली, कडेचे तपकिरी ठिपके बघितले आणि म्हणाल्या, “अगो, ही तर आपल्या पानफुटीची कोण तरी लागते.” अगदी बरोबर. पांडा म्हणजे कलांचो टोमेंटोसा, आणि आमच्या विहिरीपाशी माजलेली पानफुटी म्हणजे कलांचो पिनाटा. दोघी मूळच्या मादागास्करच्या.

पेटीतली पहिली चारही या पानफुटीच्या कुळातली निघाली, म्हणजे क्रॅसुलेसी. पिंक रोझ ही एचेव्हेरिया, घोस्ट हे ग्रॅप्टोपेटॅलम, डाँकी टेल हे सेडम, आणि चौथी पांडा. नवशिक्यानं सुरुवात या कुळापासूनच करावी असं माझं मत आहे, कारण यातल्या बहुतेकांचं नुसतं पान मातीवर ठेवलं तरी त्याला मुळं फुटतात. डाँकी टेलचे जे मणी गळून आले होते ते मी टाकले नाहीत. ताटलीत कोरडी वाळू पसरून त्यावर मांडले. 40 मणी होते, त्यातल्या 31 ना फेब्रुवारीपर्यंत कोंब आले. कोंब येतो तेव्हा जुना मणी हळूहळू सुरकुततो आणि शेवटी कागदासारखा पातळ होऊन सुटतो. आपलं सगळं पाणी तो त्या पिल्लाला देऊन टाकतो. भिंगातून रोज बघावं असं ते दृश्य आहे.

या कुळाच्या नावावर विज्ञानातली एक अख्खी क्रिया आहे. साधी झाडं दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्यात पाणीही उडून जातं. ही मंडळी रात्री रंध्रं उघडतात, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा दारं बंद ठेवून तो वापरतात. सफरचंदाला आंबटपणा येतो तो याच आम्लानं. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ भारतात काम करत होता. त्यानं पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागलं, आणि दिवस चढला तसा तो आंबटपणा गेला. त्याचं ते पत्र 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. पुढे पुष्कळ वर्षांनी या क्रियेला क्रॅसुलेसियन ॲसिड मेटाबोलिझम हे नाव पडलं.

आम्ही वर्गात चाखलं नाही, कारण पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आम्ल किती ते रंगानं दाखवणारा पीएच कागद वापरला. नववीच्या मुलांनी सकाळी प्रार्थनेआधी पान चुरडून रस कागदावर लावला, तर कागद नारिंगी झाला. दुपारी चारला त्याच झाडाचं दुसरं पान घेतलं, तर पिवळा, म्हणजे आम्ल कमी झालेलं. एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे हे रात्री जेवतं आणि दिवसा पचवतं.” पुस्तकात याहून सोपं वाक्य मला सापडलेलं नाही. पेटीतल्या पांडाचं पान लावून बघितलं, तिथेही फरक दिसला.

आता याच कुळातली एक गेली ती कशी ते सांगते. एचेव्हेरिया. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, आतानासिओ एचेव्हेरिया या तिथल्या चित्रकाराच्या नावाची. पानांवर पिठासारखा पांढुरका थर, बोट लावलं की ठसा उमटतो आणि पुसला जात नाही. डिसेंबर-जानेवारीत इतकी देखणी होती की येणारा प्रत्येक जण विचारायचा. पण रात्री रंध्रं उघडणाऱ्या झाडाला रात्रीचा गारवा लागतो, आणि आमच्याकडे एप्रिलनंतर रात्रही घामट. मे महिन्यात तिचा मधला भाग लांबट झाला, पानं फाकली. जूनमध्ये खालून काळी पडली. पुण्या-नाशकाकडे ती टिकते असं माहेरची माणसं सांगतात. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी मात्र एचेव्हेरियावर पैसे घालू नयेत, त्याच कुळातलं ग्रॅप्टोपेटॅलम घ्यावं. दिसायला तिची बहीणच, आणि आमच्या पावसातही छपराखाली ठणठणीत राहिली. तिच्या शास्त्रीय नावात पॅराग्वे असलं तरी तीही मेक्सिकोचीच.

झेब्रा आणि टंग ही दोन कोरफडीच्या कुळातली, ॲस्फोडेलेसी. झेब्रा म्हणजे हॉवर्थिया, टंग म्हणजे गॅस्टेरिया. दक्षिण आफ्रिकेत या दोघी झुडपांच्या नाही तर दगडांच्या आडोशाला वाढतात. कार्डावर मात्र ‘भरपूर ऊन’. मी विश्वास ठेवला आणि पश्चिमेच्या कठड्यावर ठेवल्या. पंधरा दिवसांत झेब्राची हिरवी पानं विटेच्या रंगाची झाली. पडवीत आत सरकवल्यावर महिन्याभरात पुन्हा हिरवी. ज्यांच्या घरी ऊन कमी येतं, ज्यांना फक्त एक खिडकी आहे, त्यांनी हे कूळ डोळे मिटून घ्यावं. फेब्रुवारीत गॅस्टेरियाला फुलांची काठी आली. एकेक फूल जेमतेम पेराएवढं, गुलाबी, टोकाला हिरवट, आणि खालच्या बाजूला पोट सुटल्यासारखं फुगलेलं. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, नाव तिथूनच. ऑगस्टमध्ये झेब्राच्या पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण शिरले होते. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपून काढले, तीन रविवार लागले.

जेडबद्दल एक खुलासा हवा. आपल्याकडे रोपवाटिकांत जेड म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा खरं जेड नसतंच. खरं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा, पानफुटीच्या कुळातलं, जाड मांसल खोडाचं, मोठ्या पानांचं. पेटीतलं होतं पोर्टुलाकारिया, तांबूस बारीक खोडाचं, नखाएवढ्या गोल पानांचं. पूर्वी याला घोळ आणि चिवळ या आपल्या भाज्यांच्या कुळात धरत, आता डिडिएरेसी या वेगळ्या कुळात ठेवतात. दक्षिण आफ्रिकेत हत्ती याचा पाला खातात, आणि मोडून पडलेल्या फांद्या पुन्हा रुजतात. नाव चुकलेलं असलं तरी झाड सोनं आहे. मी त्याच्या नऊ फांद्या मोडून लावल्या, नऊच्या नऊ लागल्या.

माझी खरी तक्रार आहे ती नवव्या पट्टीबद्दल, आफ्रिकन कॅक्टस. कागद सोडवताना त्याची एक फांदी मोडली आणि पांढराशुभ्र चीक बोटांवर आला. कॅक्टसला असा दुधासारखा चीक सहसा नसतो. हे होतं युफोर्बिया ट्रायगोना, एरंडाच्या कुळातलं, म्हणजे आमच्या गडग्यावरच्या निवडुंगाचं भावंड. लहानपणी आजीनं शिकवलेलं हाताला आठवलं : निवडुंगाला हात लागला की आधी हात धुवायचे, मगच डोळे चोळायचे. हा चीक कातडीवर आग करतो, आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. ज्या शहरातल्या मुलीनं कधी निवडुंगाची वई बघितली नाही, तिला ही पट्टी वाचून काय कळणार? मी फोन करून सांगितलं, तर उत्तर आलं, “मॅडम, सगळे त्याला कॅक्टसच म्हणतात.” रोप बदलून देणारी माणसं ही, तत्पर आणि नम्र. पण एक ओळ छापायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटलं.

घोळ आपल्या भाषेतही आहे म्हणा. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला. वईवरचा चिकाळ निवडुंग युफोर्बिया. दोघांनाही आपण निवडुंगच म्हणतो. ओळखायची खूण काट्याच्या बुडाशी आहे. कॅक्टसचे काटे एका बारीक लोकरी गादीतून येतात, एका ठिकाणाहून पुष्कळ. या युफोर्बियाचे काटे धारेवर जोडीजोडीनं असतात आणि गादी नसते. शाळेतलं साधं भिंग पुरतं. मुलांना एकदा दाखवलं की ती पुन्हा चुकत नाहीत.

पेटीत खरा कॅक्टस एकच होता, मून. वर लालभडक गोळा, खाली तीन धारांचा हिरवा दांडा. ही दोन झाडं आहेत हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं. वरचा गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियमचा हरितद्रव्य नसलेला प्रकार, जो स्वतःचं अन्न करू शकत नाही, म्हणून तो दुसऱ्या कॅक्टसवर कलम करतात. खालचा दांडा ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतला. कोकणात कलम म्हटलं की आंबा, पन्नास-शंभर वर्षं उभा राहणारा. हे कलम तसं नव्हे. दोघांच्या वाढीचा वेग जुळत नाही आणि बहुधा काही वर्षांतच साथ सुटते. आमच्याकडे वर्षही गेलं नाही, ऑगस्टच्या झडीत गोळा पिवळा पडून ओघळला. दांड्याला मात्र बाजूनं हिरवा फुटवा आलाय आणि तो आता खिडकीच्या गजावर चढतोय. विकत घेतलेलं झाड गेलं म्हणून मी याला मेलेल्यात धरलंय.

लिव्हिंग स्टोन, म्हणजे लिथॉप्स, गेला त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. आयझोएसी कूळ, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचं. विल्यम बर्चेल या प्रवाशानं 1811 मध्ये खडा समजून उचललं आणि हातात झाड निघालं, इतकं हे गोट्यासारखं दिसतं. दोनच पानं, मध्ये चीर. फेब्रुवारीत चीर रुंदावली आणि आत नवी जोडी दिसायला लागली. या दिवसांत पाणी अजिबात द्यायचं नसतं, कारण नवी पानं जुन्यांतलं पाणी शोषून वाढतात. मी कार्डाप्रमाणे दर रविवारी चमचाभर घालत राहिले. जुनी पानं सुकलीच नाहीत, नवीही फुगली, आणि मार्चअखेरीला एका सकाळी बोट लावलं तर आत नुसता चिखल. झेब्रासारखं याला आत घेऊन वाचवता आलं नाही. त्या कार्डावर या एका झाडासाठी दोन ओळी असत्या तर ते आज असतं. कोकणातल्या पावसात पुढे टिकलं असतं का, हा प्रश्न आहे, पण मार्चमध्ये गेलं ते कार्डामुळे.

पर्ल्स जूनमध्ये चार दिवसांत गेली. झेंडू-शेवंतीच्या कुळातली आहे, ॲस्टरेसी, पण कूळ कळलं म्हणून सगळं कळतं असं नाही, त्या नात्याचा मला काहीच उपयोग झाला नाही. मोत्यासारख्या प्रत्येक पानावर एक पारदर्शक चीर असते, तिच्यातून उजेड आत जातो. एवढं बघायला मिळालं.

राहिली शेवटची, हार्ट्स. सेरोपेजिया वुडियाय. रुईच्या कुळातली, ॲपोसायनेसी, दक्षिण आफ्रिकेची वेल. पानं बदामाच्या आकाराची, चंदेरी ठिपक्यांची, वेलीवरच सुपारीहून लहान कंद धरणारी. पेटीतलं मला सर्वांत प्रिय झाड हेच. कारण याची भावंडं आपल्या सह्याद्रीत आहेत आणि आपण त्यांना कंदीलपुष्प म्हणतो. फुलाची नळी कंदिलासारखी, आत खाली वळलेले केस. बारीक माशी आत शिरते, अडकते, फूल मलूल झालं की सुटते आणि पराग घेऊन जाते. सह्याद्रीतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉवी त्यातलीच. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात कंदीलपुष्पं जतन केली आहेत. याच कुळातली शिंदळ माकुडी तर महाराष्ट्राबाहेर कुठे सापडत नाही. शिवनेरीच्या कड्यावर वाढणारी, मांसल खोडाची, किरमिजी ताऱ्यासारख्या फुलाची. बार्टल फ्रियर या मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून तिचं नाव फ्रेरिया पडलं. सक्युलंट म्हणजे परदेशी शोभेची वस्तू असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा वाचावं, आणि कड्यावरची शिंदळ माकुडी कुणी विकायला आणली तर कृपा करून घेऊ नये. कुंडीत हौस भागवायला वुडियाय पुरेशी आहे.

मातीबद्दल थोडं. पेटीसोबत ‘सक्युलंट मिक्स’ म्हणून किलोभर पिशवी येते, ती म्हणजे जवळजवळ नुसता कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा. तो एकदा भिजला की आमच्या हवेत आठवडाभर वाळत नाही, आणि पूर्ण वाळला की पाणी घेत नाही. मी तो निम्म्याहून कमी ठेवला आणि बाकी जांभ्याची चाळलेली खडी आणि भाताच्या तुसाचा कोळसा घातला. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरतोही आणि सोडतोही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या कुंड्या पागोळ्यांपासून दूर, पडवीच्या आतल्या भिंतीशी नेल्या. जुलै आणि ऑगस्टमध्ये बहुतेकांना पाणी दिलंच नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेतूनच पुरतं.

पाचपैकी साडेतीन तारे देतेय. रोपांना आणि पॅकिंगला पाच, मातीला दोन, माहितीला एक. घ्यायची असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत रोपं भाजतात. पेटी आली की पट्टीमागे पेन्सिलीनं कूळ लिहून ठेवा, आणि चीक येणाऱ्या रोपाची कुंडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

मी स्वतः या नोव्हेंबरात पुन्हा मागवणार आहे, पण पेटी नाही, सुटी रोपं : दोन हॉवर्थिया, एक खरं जेड आणि एक लिथॉप्स. पोर्टुलाकारियाची नऊ रोपं नववीच्या मुलांना वाटलीत. ग्रॅप्टोपेटॅलमची पानं अजून ताटलीत आहेत, दिवाळीपर्यंत मुळं धरतील.